घरच्या सुरीची धार: दगडावर लावण्यापासून चामड्यावर पाजळण्यापर्यंत

कृष्णाकाठची वांगी भरण्यासाठी चिरायला घेतली की सुरीची खरी परीक्षा होते. वांग्याला चार भागांत चिरायचे, पण चीर देठापर्यंत जाऊ द्यायची नाही, हे काम धारदार सुरीने एका हलक्या ओढीत होते. सुरी बोथट असेल तर पाते त्या तुकतुकीत सालीवरून घसरते, मग आपण जोर लावतो, साल आधी आत दबते आणि अचानक फाटते. त्या क्षणी सुरी कुठे जाऊन थांबेल हे आपल्या हातात राहत नाही. बोट कापण्याची भीती असते ती अशा वेळी. कांद्याचेही तसेच आहे. बोथट पाते कांद्याच्या पेशी कापण्याऐवजी चिरडते, त्यांतला रस अधिक उडतो आणि डोळ्यांना अधिक झोंबतो.

आमच्या सांगलीत पूर्वी पायाने चाक फिरवून धार लावणारे कारागीर सायकल घेऊन गल्लोगल्ली येत आणि त्यांची आरोळी ऐकली की घराघरांतून सुऱ्या, विळ्या, कात्र्या बाहेर येत. आता ती आरोळी क्वचितच कानी पडते, आणि सुरी बोथट झाली की नवी घ्यायची ही सवय घरोघरी रुळली आहे. मला ही सवय पटत नाही. साध्या दगडावर आणि चामड्याच्या तुकड्यावर अर्ध्या तासात घरच्या घरी लावलेली धार दुकानातल्या नव्या सुरीच्या धारेपेक्षा सरस असते, कारण स्वस्त सुऱ्यांची मूळ धार यंत्रावर घाईने काढलेली असते.

हे काम अनेकांनी करून पाहिलेले असते आणि बहुतेकांनी सोडूनही दिलेले असते. वीस-पंचवीस वेळा सुरी दगडावर घासली, काही फरक पडला नाही, म्हणून दगड माळ्यावर गेला, असे मला अनेकांनी सांगितले आहे. माझ्या पाहण्यात याचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघाले: पात्यावर बर उठण्यापूर्वीच हात थांबवला गेला होता. ‘बर’ हा शब्द मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातला आहे. धातू घासला वा कापला की कडेला जी सूक्ष्म, खरखरीत पापडी वर येते ती बर. पुढचे सगळे मार्गदर्शन या बरेभोवती फिरते: ती आधी उठवायची कशी आणि मग काढून टाकायची कशी.

बोथट म्हणजे नेमके काय

पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथे एकमेकींना मिळतात ती रेघ म्हणजे धार. ही रेघ जितकी बारीक, तितकी सुरी धारदार. वापराने दोन गोष्टी होतात. एक तर ही रेघ झिजून गोलसर होते, किंवा ती एका बाजूला मुडपते. स्टीलच्या ताटात कापणे, ओट्याच्या ग्रॅनाइटवर थेट चिरणे, भांड्यांच्या ढिगात सुरी घासणे यांनी दोन्ही गोष्टी लवकर घडतात.

सुरीची अवस्था पाहण्यासाठी तिची धार वर करून ट्यूबलाइटखाली धरावी आणि सुरी हळूहळू कलती करावी. चांगली धार इतकी बारीक असते की तिच्यावरून प्रकाश परावर्तित होत नाही आणि तिथे काहीच दिसत नाही. बोथट जागी मात्र पांढरी, चमकती रेघ किंवा ठिपके दिसतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या सुरीवर ही चमक नेहमी मधल्या भागात सर्वांत ठळक असते, कारण रोजचे चिरणे तिथेच होते. मुठीजवळचा बोटभर भाग बहुतेक वेळा कोराच राहतो. कुठे किती काम करायचे हे दगडाला हात लावण्यापूर्वीच कळते, म्हणून हे पाहणे टाळू नये.

दगड

धार लावण्यासाठी दगडातले कण पोलादापेक्षा कठीण असावे लागतात. आपल्याकडे यासाठी पूर्वापार कुरुंदाचा दगड वापरात आहे. खनिजांच्या काठिण्याच्या दहा अंशांच्या मोजपट्टीवर कुरुंद नवव्या पायरीवर येतो आणि त्याच्या वर फक्त हिरा आहे. कुरुंदाचे इंग्रजी नावसुद्धा आपल्याच देशातल्या ‘कुरुविंद’ आणि तमिळ ‘कुरुंदम्’ या शब्दांवरून गेलेले आहे. आज हार्डवेअरच्या दुकानात जो काळसर राखाडी दगड मिळतो तो मात्र बहुधा कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा असतो. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत हा पदार्थ तयार केला आणि १८९३ साली त्याचे पेटंट घेतले.

नवशिक्याने हाच कार्बोरंडमचा जोडदगड घ्यावा, एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. लांबी सुमारे २० सेंटिमीटर आणि रुंदी ५ सेंटिमीटर असावी. बोटभर लांबीच्या लहान दगडावर हात स्थिर राहत नाही. दगडाच्या भरडपणासाठी नंबर असतो आणि नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. अगदी बोथट किंवा खाचा पडलेल्या सुरीसाठी २२० ते ४०० नंबरचा, नेहमीच्या धारेसाठी ८०० ते १२०० चा आणि गुळगुळीतपणासाठी ३००० ते ६००० चा दगड वापरतात. हार्डवेअरमधल्या जोडदगडाची बारीक बाजूसुद्धा हजार नंबरच्या दगडापेक्षा पुष्कळ भरड असते. म्हणून या कामाची गोडी लागल्यावर हजार नंबरचा एक पाण्याचा दगड वेगळा घ्यावा. त्याहून बारीक दगडाची भाजी चिरण्यासाठी गरज नाही, आणि टोमॅटोसारख्या गुळगुळीत सालीला तर किंचित खरखरीत धारच चांगली बसते.

पाण्याचा दगड वापरण्यापूर्वी बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटे, पाण्यात ठेवावा. काही दगड भिजवायचे नसतात, फक्त वर पाणी शिंपडायचे असते. त्यांच्या वेष्टनावर तसे लिहिलेले असते. दगडावर शेंगदाण्याचे किंवा दुसरे कोणतेही खाद्यतेल घालू नये. ते काही दिवसांत चिकट होते, दगडाची छिद्रे बुजवते आणि मग पोलाद दगडाला लागण्याऐवजी त्या थरावरून सरकत राहते. एकदा तेल प्यायलेल्या दगडावर पाणीही नीट काम करत नाही, म्हणून तेल की पाणी हे पहिल्याच दिवशी ठरवावे. मी पाण्याच्या बाजूचा आहे. स्वयंपाकघरात पाणीच बरे.

विजेच्या चाकावर हेच काम दोन मिनिटांत होते, मग हाताने का करायचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. काही वर्षांपूर्वी मी माझी एक चांगली पोलादी सुरी अशाच चाकावर धार लावायला दिली होती. चाक कोरडे होते आणि ठिणग्यांचा फवारा उडत होता. सुरी हातात आली तेव्हा टोकाजवळचा दोन बोटे रुंदीचा भाग निळसर पडला होता. पोलाद तापू लागले की साधारण २२०-२३० अंश सेल्सियसला ते पिवळसर दिसते आणि ३०० अंशांच्या सुमारास निळे होते. हा निळा रंग म्हणजे पात्याला दिलेले पाणी, म्हणजे तापवून-थंड करून आणलेला कठीणपणा, उतरल्याची खूण. तो भाग मऊ पडतो आणि त्यावर लावलेली धार चार दिवसही टिकत नाही. त्या सुरीचा निळा भाग घासून काढता काढता तिची रुंदी बोटभर कमी झाली. हाताने लावताना पाते कोमटही होत नाही, आणि धातूही फक्त लागेल तेवढाच जातो.

कोन

पाते दगडावर किती कलते धरायचे, हा नवशिक्याला सर्वांत अवघड वाटणारा भाग आहे. प्रत्यक्षात तो तितका अवघड नाही. घरातल्या साध्या स्टेनलेस स्टीलच्या सुरीला प्रत्येक बाजूने सुमारे २० अंशांचा कोन योग्य असतो. कठीण पोलादाच्या जपानी सुऱ्यांना १५ अंश चालतात, पण साध्या मऊ पोलादाला इतका कमी कोन दिला तर धार लवकर मुडपते.

वीस अंश मोजण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पाते दगडावर आडवे ठेवावे आणि त्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्धची जाड कड, पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत उचलावी. हा कोन साडेएकोणीस अंशांचा होतो. पाते ३० मिलिमीटर रुंद असेल तर पाठ १० मिलिमीटर वर, ४५ मिलिमीटर असेल तर १५ मिलिमीटर वर. रुंदीच्या एक चतुर्थांश उंचीवर धरले तर साडेचौदा अंश होतात. आपल्या सुरीची रुंदी एकदा पट्टीने मोजून तिच्या एक तृतीयांश जाडीचा पुठ्ठ्याचा थर किंवा लाकडी तुकडा करून ठेवावा आणि काम सुरू करण्यापूर्वी पाठीखाली तो ठेवून हाताला उंचीची सवय करावी. तुकडा मग बाजूला काढायचा असतो.

कोन बरोबर बसला आहे की नाही हे दाखवणारी याहून पक्की युक्ती म्हणजे परमनंट मार्कर. धारेलगतची उतरती पट्टी दोन्ही बाजूंनी मार्करने काळी करावी, दगडावर पाच-सहा हलक्या ओढी द्याव्यात आणि पाहावे. शाई फक्त पट्टीच्या वरच्या, पाठीकडच्या भागातून गेली असेल तर पाठ आणखी उचलायला हवी. ती फक्त अगदी धारेच्या टोकाशी गेली असेल तर कोन जास्त झाला आहे. पट्टीची सगळी शाई सारखी गेली तर सुरीला तिचा जुना कोन सापडला. पहिल्या दहा-बारा वेळा तरी हा मार्कर वापरावा, असे मी आग्रहाने सांगेन. डोळ्यांना न दिसणारी चूक त्यात लगेच दिसते.

दगडावरचे काम

ओट्यावर ओले फडके चारपदरी घालून त्यावर दगड उभा, म्हणजे त्याची लांबी आपल्यापासून दूर जाईल असा ठेवावा. दगड हलता कामा नये. ओटा कमरेच्या थोडा खाली असेल तर खांद्यातून हात चालतो. खाली मांडी घालून बसणाऱ्यांनी दगड पाटावर ठेवावा. लहान मुले आसपास नसावीत आणि हातात सुरी असताना कोणाशी बोलू नये.

उजव्या हाताने मूठ धरावी, तर्जनी पाठीवर टेकवावी. धार आपल्याकडे करून पाते दगडावर तिरपे ठेवावे, दगडाच्या लांबीशी साधारण ४५ अंशांत. डाव्या हाताची दोन किंवा तीन बोटे पात्याच्या सपाट भागावर, धारेपासून थोडी आत टेकवावीत. या बोटांचे महत्त्व फार आहे. दगड तिथेच कापतो जिथे ही बोटे दाब देतात, म्हणून ती जशी सरकतील तसे काम सरकते. आता सुरी पुढे ढकलावी. या दिशेला पाठ पुढे आणि धार मागे असते. दाब याच वेळी द्यावा. मागे आणताना दाब सोडून पाते नुसते दगडाला टेकलेले ठेवावे. मुठीजवळचा भाग, मधला भाग आणि टोक असे पात्याचे तीन भाग मनाशी पाडून एकेका भागावर वीस-पंचवीस फेऱ्या कराव्यात. टोकाकडे पाते वळलेले असल्यामुळे तिथे मूठ किंचित वर उचलावी लागते, नाहीतर टोकाची धार दगडाला लागतच नाही.

दाब किती द्यायचा हे शब्दांत सांगणे कठीण, म्हणून मी शिकवताना दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवतो. सुरुवातीला काट्यावर एक ते दीड किलोचा आकडा दिसेल इतका दाब पुरेसा असतो, शेवटच्या ओढींना दोनशे ग्रॅम. ज्यांनी हा आकडा एकदा पाहिला त्यांचा हात पुढे आपोआप हलका होतो, कारण बहुतेकांचा पहिला दाब तीन किलोच्या पुढे असतो.

घासताना पाणी राखाडी होत जाते. तो गाळ लगेच धुऊन टाकू नये, कारण दगडातून सुटलेले कणही त्यात कापण्याचे काम करत असतात. फक्त दगड कोरडा पडू लागला की थोडे पाणी शिंपडावे. कार्बोरंडमच्या भरड बाजूवर मात्र पाणी सढळ वापरावे, तिथे लोखंडाचा चुरा छिद्रांत बसतो. आवाजाकडेही लक्ष असू द्यावे. कोन स्थिर असला की आवाज एकसारखा, खसखसीत येतो. तो मध्येच बदलला तर मनगट हलले असे समजावे.

बर उठली का?

एका बाजूने पुरेसे घासले गेले की तिथला धातू धारेच्या रेघेपर्यंत संपतो आणि उरलेली अत्यंत पातळ पापडी दगडापासून दूर, म्हणजे वरच्या बाजूला वळते. हीच बर. ती डोळ्यांना क्वचित दिसते, बोटाला मात्र नक्की लागते. पाते पुसून घ्यावे आणि अंगठा पाठीकडून धारेकडे नेत धारेच्या पलीकडे, हवेत, अलगद सोडावा. अंगठा धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नये. बर असेल तर शेवटच्या क्षणी अंगठ्याला बारीक काहीतरी अडल्यासारखे वाटते, जणू तारेचा अगदी मऊ काठ. दगडाला लागलेल्या बाजूवर हाच अंगठा नेला तर तसे काही लागत नाही. दोन्ही बाजूंची अशी तुलना करून पाहिली की पहिल्यांदा करणाऱ्यालाही फरक कळतो. तरीही शंका असेल तर कापसाचा बोळा तसाच, पाठीकडून धारेबाहेर न्यावा; बर असेल तिथे तंतू अडकतात.

ही बर मुठीपासून टोकापर्यंत अखंड लागली पाहिजे. मध्ये दोन सेंटिमीटर जागी ती लागत नसेल तर त्या दोन सेंटिमीटरमध्ये दोन्ही बाजू अजून एकमेकींना मिळालेल्या नाहीत आणि तिथे सुरी बोथटच राहणार आहे, मग बाकीच्या भागावर कितीही मेहनत घ्या. अशा वेळी फक्त त्या जागी बोटे ठेवून आणखी फेऱ्या कराव्यात. वर्षानुवर्षे हात न लावलेल्या सुरीला भरड दगडावर एका बाजूने दहा मिनिटेही लागू शकतात. फेऱ्या मोजून थांबण्याची सवय यासाठीच सोडावी; वीस फेऱ्यांत बर उठली तर वीस, दोनशे लागल्या तर दोनशे.

एका बाजूची बर पूर्ण झाली की सुरी उलटावी. आता धार आपल्यापासून दूर असेल, म्हणून सुरी आपल्याकडे ओढताना दाब द्यावा आणि पुढे नेताना सोडावा. दुसऱ्या बाजूचे काम सहसा निम्म्या वेळात होते. बर आता पहिल्या बाजूला वळलेली लागेल, तीही मुठीपासून टोकापर्यंत.

येथून पुढे उलट काम सुरू होते. जी बर इतक्या कष्टाने उठवली ती आता काढायची आहे. दाब निम्मा करावा आणि प्रत्येक बाजूला दहा, मग पाच, मग तीन, मग एक अशा फेऱ्या कमी करत जावे. शेवटच्या एकेक ओढी धार पुढे ठेवून, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा रीतीने, सुरीच्या नुसत्या वजनाने द्याव्यात, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. काही जण या टप्प्यावर धार लाकडाच्या तुकड्यात ओढून बर उपटून काढतात. मला ते मान्य नाही, कारण बर उपटली जाते तेव्हा धारेचा थोडा भाग सोबत फाटून नेते आणि रेघ दातेरी राहते. बर झिजवून काढावी.

हजार नंबरचा दगड असेल तर हेच सर्व त्याच्यावर पुन्हा करावे. इथे वेळ कमी लागतो, भरड दगडाचे ओरखडे पुसले जाईपर्यंत घासायचे आणि नव्याने उठलेली बारीक बर तशीच हलक्या ओढींनी कमी करायची.

चामडे

दगडावर कितीही हलका हात ठेवला तरी बरेचा शेवटचा अंश राहतो. तसाच राहिला तर सुरी पहिल्या दिवशी कागद सरसर कापते आणि दोन दिवसांत बोथट होते, कारण कागद कापत होती ती बर होती आणि ती पहिल्याच कांद्याला मुडपली. धार टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्यांच्या सुऱ्या मी पाहतो तेव्हा मला बहुधा हेच आढळते. ब्लेडचे वस्तरे येण्यापूर्वी न्हावी दाढीला हात घालण्याआधी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर पाजळत असे, ते याच कारणासाठी.

या बाबतीत आपल्या भागासारखे भाग्य क्वचितच कोणाला लाभले असेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चारही जिल्हे आहेत. या चपलेचे चामडे पारंपरिक पद्धतीत बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते. असे वनस्पतीजन्य पदार्थांनी कमावलेले चामडे घट्ट, कमी लवचिक आणि पाजळण्यासाठी उत्तम असते. पर्स-सोफ्याचे मऊ चामडे सुरीखाली दबते आणि धार गोल करते. चपला बनवणाऱ्या कारागिराकडे तळाच्या चामड्याची कातरण मागावी. साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद पट्टी मिळाली की काम झाले.

ती पट्टी तेवढ्याच आकाराच्या सपाट प्लायवूडवर फेविकॉलने चिकटवावी आणि वर जड पाटा ठेवून रात्रभर दाबून ठेवावी. चिकटवताना गुळगुळीत बाजू वर ठेवावी की खरबरीत, यावर मतभेद आहेत. मी खरबरीत बाजू वर ठेवतो, कारण तिच्यात पॉलिशचा मसाला चांगला धरून राहतो. हा मसाला म्हणजे धातूला चकाकी आणण्यासाठी बफिंगवाले वापरतात ती हिरवी वडी. तिच्यातला क्रोमियम ऑक्साइड अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास बारीक असतो. हजार नंबरच्या दगडातले कण याच्या वीस-तीस पट मोठे. वडी चामड्यावर खडूसारखी घासावी, पातळ हिरवा थर पुरे. जाड थर दिला तर त्याच्या गोळ्या होतात.

पाजळण्याची दिशा एकच: पाठ पुढे, धार मागे. धार पुढे केली तर ती चामड्यात रुतते, चामडेही जाते आणि धारही. सुरी दगडावर होती त्याच कोनात किंवा केसभर कमी कोनात ठेवावी आणि सुरीच्या वजनाइतक्याच दाबाने पूर्ण लांबी ओढून न्यावी. टोकाला पोहोचल्यावर सुरी आधी थांबवावी, मग उचलावी आणि तिच्या पाठीवरून उलटून दुसऱ्या बाजूने परत आणावी. चालत्या ओढीत मनगट वळवले तर शेवटच्या क्षणी धार चामड्यावर उभी राहते आणि आधीच्या सगळ्या कामावर पाणी पडते. ही चूक इतकी सहज होते की सुरुवातीला मुद्दाम संथ ओढी द्याव्यात. प्रत्येक बाजूला पंधरा ते वीस पुरेशा आहेत. काम नीट चालले असेल तर हिरव्या थरावर काळ्या रेघा उमटू लागतात. तो सुरीचा धातू आहे.

चामडे हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर दगडावर ताणून गुंडाळले तरी त्यावर बर बऱ्यापैकी निघते. जुन्या जीन्सचा तुकडा फळीवर ताणून बसवला आणि त्यावर तीच हिरवी वडी घासली तरी चालते.

झाली का?

पुन्हा ट्यूबलाइटखाली पाहावे. चमकती रेघ कुठेच दिसू नये. मग वर्तमानपत्राचे पान एका हाताने वर धरून त्याच्या कडेपासून सुरी ओढावी. जिथे कागद फाटतो किंवा अडतो ती जागा पात्यावर नेमकी कोणती हे पाहावे आणि फक्त तेवढ्याचसाठी दगडावर परत जावे. शेवटी पिकलेला टोमॅटो. सुरी त्याच्यावर नुसती ठेवून मागे ओढली की सालीत शिरली पाहिजे, वरून दाब न देता.

कागद कापला जातो पण टोमॅटोवर सुरी घसरते, असे झाले तर चामड्यावर कोन जास्त धरला गेला असावा आणि धार गोल झाली असावी. हजारच्या दगडावर हलक्या दहा ओढी देऊन पुन्हा, कमी कोनात पाजळावे. धार चांगली लागली पण आठवड्यात गेली तर बर राहिली होती. पात्याच्या मध्ये धार आणि टोकाला नाही, तर मूठ उचलायची राहून गेली.

यानंतर सुरी साबणाने धुऊन, लगेच पुसून ठेवावी, कारण तिच्यावर धातूचा चुरा असतो. साध्या, स्टेनलेस नसलेल्या पोलादी सुरीला लिंबू किंवा कैरी चिरल्यावर तर क्षणभरही ओली ठेवू नये. रोज स्वयंपाक होणाऱ्या घरात आठवड्यातून एकदा चामड्यावर दहा ओढी दिल्या तर दगडाची गरज दोन-तीन महिन्यांनी लागते. दोन चाकांच्या फटीतून सुरी ओढायची उपकरणे बाजारात मिळतात. ती धातू ओरबाडून काढतात आणि धारेत खाचा पाडतात, त्यांपासून दूर राहावे. ब्रेडची दातेरी सुरी या दगडावर घेऊ नये.

दगडही झिजतो आणि मध्ये खोलगट होतो. खोलगट दगडावर कोन टिकत नाही. म्हणून अधूनमधून दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात, जाड सपाट काचेवर १२० ते २२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून पसरावा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासावा. मधल्या रेघा सर्वांत शेवटी जातात.

विळी, खुरपे आणि छाटणीची कात्री

विळीचे पाते वळणदार आणि पाटाला जोडलेले असते, तेव्हा ती दगडावर नेता येत नाही. दगड तिच्याकडे न्यावा लागतो. पाट पायाने घट्ट धरावा आणि जोडदगडाचा लहान तुकडा धारेच्या वळणाबरोबर, मुळाकडून शेंड्याकडे, एकाच दिशेने फिरवावा. बोटे दगडाच्या पाठीमागेच राहतील अशी पकड असावी. बर इथेही तशीच उठते आणि तशीच तपासायची. ती काढायला फळीला चिकटवलेले चामडे जड जाते, म्हणून चामड्याची सुटी पट्टी बोटभर लाकडावर गुंडाळून वापरावी.

खुरप्याला आणि ऊसतोडीच्या कोयत्याला एवढी बारीक धार लागत नाही. त्यांना माती, खडे आणि उसाची कठीण कांडी यांच्याशी झुंजायचे असते, म्हणून प्रत्येक बाजूने २५ ते ३० अंशांचा कोन द्यावा आणि सपाट कानशीने, पुढे जाताना दाब देऊन, धार करावी. कानस मागे ओढताना दाबली तर तिचे दात जातात.

तासगावकडच्या द्राक्षबागांत एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी कात्र्या तपासल्या जातात, तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी. छाटणीच्या कात्रीच्या कापणाऱ्या पात्याला धार एकाच बाजूने असते, बाहेरच्या. दगड फक्त त्याच उतारावर चालवावा, मूळचा कोन ठेवून. आतली बाजू सपाट आहे आणि ती दुसऱ्या पात्याला घासून जाते. तिला उतार दिला तर दोन्ही पात्यांत फट पडते आणि काडी कापण्याऐवजी चिरडते. आतल्या बाजूला आलेली बर काढण्यासाठी बारीक दगड पूर्ण सपाट टेकवून दोन वेळा फिरवावा, मग खिळ्यापाशी तेलाचा थेंब सोडावा आणि कात्री चार-पाच वेळा उघडझाप करून पाहावी.